शिकागोच्या मेलेल्या मतदारांनी केनेडींना राष्ट्राध्यक्ष केलेले नाही

कुठेही निवडणुकीच्या निकालावरून वाद पेटला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. गोषवारा असा : १९६० साली अमेरिकेत खरे तर रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन निवडून आले होते. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी मध्यरात्रीनंतर स्मशानातल्या नावांवर मते टाकून इलिनॉय राज्य आपल्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉन केनेडींच्या पदरात घातले, माफियाने त्यांना हात दिला, आणि निक्सन यांनी देशात फूट पडू नये म्हणून चकार शब्द न काढता पराभव स्वीकारला. शेवटी ठेवणीतले वाक्य येतेच : मतदार कुणालाही मत देवो, जिंकतो तो मोजणाऱ्याचा माणूस.

या मजकुराचा मला राग येतो, आणि तो केनेडींच्या प्रेमापोटी नाही. त्यात एक गोष्ट खरी आहे आणि तिच्या आधारावर बाकीच्या अनेक खपवल्या आहेत. खरी गोष्ट ही की शिकागोत त्या निवडणुकीत गैरप्रकार झाले. ते झाकून हा प्रतिवाद करता येणार नाही, आणि मला झाकायचेही नाहीत. पण ‘गैरप्रकार झाले’ आणि ‘राष्ट्राध्यक्षपद चोरले गेले’ या दोन विधानांमध्ये बरीच मोठी दरी आहे. ती पुराव्यानेच भरावी लागते, आणि साठ वर्षांत ती कुणाला भरता आलेली नाही.

सुरुवात ‘इलिनॉय चोरले म्हणून केनेडी जिंकले’ या मुख्य विधानापासूनच करू. त्यासाठी संशोधनाची गरज नाही, बेरीज-वजाबाकी पुरते. अमेरिकेत देशभरच्या मतांची एकत्र बेरीज करून राष्ट्राध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निर्वाचक, म्हणजे राष्ट्राध्यक्षासाठी मत देणारे प्रतिनिधी, येतात, आणि बहुतेक राज्यांत जो एका मताने का होईना पुढे असेल त्याला ते सगळे मिळतात. १९६० मध्ये एकूण ५३७ निर्वाचक होते, म्हणजे बहुमताला २६९ हवे होते. केनेडींना ३०३ मिळाले, निक्सन यांना २१९, आणि उरलेली १५ मते दक्षिणेतले सिनेटर हॅरी बर्ड यांच्याकडे गेली. इलिनॉयचे निर्वाचक होते २७. ते सगळेच्या सगळे केनेडींकडून काढून निक्सन यांना देऊन टाका. केनेडी २७६, निक्सन २४६. केनेडीच राष्ट्राध्यक्ष.

इथेच खरे तर तो मजकूर संपतो. निक्सन यांना जिंकवायचे तर इलिनॉयबरोबर टेक्सासचे २४ निर्वाचकही फिरवावे लागतात. मग आकडे केनेडी २५२ आणि निक्सन २७० असे होतात. पण टेक्सासमध्ये केनेडी ४६ हजारांहून अधिक मतांनी पुढे होते. तिथला कारभार स्वच्छ होता असे मी म्हणणार नाही. केनेडींचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लिंडन जॉन्सन टेक्सासचेच. १९४८ मध्ये सिनेटच्या उमेदवारीची पक्षांतर्गत निवडणूक ते अवघ्या ८७ मतांनी जिंकले, आणि तेव्हा मतदानानंतर मते वाढलेल्या १३ क्रमांकाच्या मतपेटीची कुप्रसिद्धी आजवर ओसरलेली नाही. १९६० मध्येही तिथे बाद मतपत्रिकांवरून रिपब्लिकन पक्ष न्यायालयात गेला आणि त्यांचा दावा फेटाळला गेला. तरीही ४६ हजार हा आकडा ८७ नव्हे. आणि फिरणाऱ्या मजकुरात टेक्सासचा उल्लेखच नसतो, कारण गोष्ट एका महापौराची, एका शहराची आणि एका रात्रीची असली तरच रंगते.

आता खुद्द इलिनॉय. राज्यात साडेसत्तेचाळीस लाखांच्या आसपास मते पडली. केनेडींना २३,७७,८४६ आणि निक्सन यांना २३,६८,९८८. फरक ८,८५८ मतांचा. म्हणजे शंभरात एक मतही नाही, हजारात दोनसुद्धा नाहीत. इतक्या निसटत्या फरकावर संशय घेणे अगदी रास्त आहे. संशयाला जागा देणाऱ्या गोष्टीही खूप होत्या. ‘न्यू यॉर्क हेराल्ड ट्रिब्यून’चे बातमीदार अर्ल मेझो स्वतः शिकागोत गेले. थडग्यांवरची नावे मतदारयादीत आहेत आणि पाडलेल्या घराच्या पत्त्यावर मतदार नोंदलेले आहेत, असे त्यांनी लिहिले. मेझो निक्सन यांचे चरित्रकार होते आणि त्यांच्या जवळचे होते, पण म्हणून त्यांनी पाहिलेले खोटे ठरत नाही. नंतर नेमलेल्या विशेष सरकारी वकिलाने ६७७ निवडणूक कर्मचाऱ्यांवर ठपका ठेवला. ते खटले एका डेमोक्रॅट न्यायाधीशाने निकालात काढले, आणि त्या निकालाने कुणाचे समाधान व्हावे असे त्यात काही नव्हते. १९६२ मध्ये मात्र तीन केंद्र कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला आणि ते तुरुंगात गेले.

एवढे सगळे मान्य. प्रश्न उरतो तो किती मतांचा. आणि ते मोजून पाहिले गेले, हेच त्या मजकुराला ठाऊक नसते. कुक काउंटी म्हणजे शिकागो आणि त्याची उपनगरे. तिथल्या कागदी मतपत्रिका वापरलेल्या सुमारे नऊशे केंद्रांची फेरतपासणी निकालानंतर महिन्याभरात झाली. त्यात निक्सन यांची ९४३ मते कमी मोजली गेल्याचे निघाले. हवी होती ८,८५८. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे : तपासलेल्या केंद्रांपैकी सुमारे ४० टक्के ठिकाणी निक्सन यांची मते कमी नव्हे, उलट जास्त मोजली गेली होती. थकलेल्या माणसांनी रात्री उशिरा घाईघाईत आकडे मांडले की चुका दोन्ही बाजूंना होतात. ठरवून केलेली चोरी अशी दोन्हीकडे सांडत नाही. अर्थात शहराच्या बहुतेक भागात मतदान यंत्रे होती, आणि यंत्रावर कुणी दुसऱ्याच्या नावाने जाऊन खटका दाबला असेल तर तो फेरमोजणीत सापडत नाही. म्हणून ९४३ हा गैरप्रकाराचा पूर्ण आकडा आहे असा दावा मी करत नाही. पण पूर्ण आकडा नऊ हजारांवर जातो असे म्हणणाऱ्याने तो दाखवायला हवा.

दाखवण्याची संधीही मिळाली होती. रिपब्लिकन पक्ष आधी न्यायालयात गेला, तिथे दाद लागली नाही. मग प्रकरण राज्याच्या निवडणूक मंडळापुढे आले. या मंडळात चार सदस्य रिपब्लिकन होते आणि एक डेमोक्रॅट. चौघांपैकी एक होते खुद्द राज्यपाल विल्यम स्ट्रॅटन. हे स्ट्रॅटन त्याच निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओटो कर्नर यांच्याकडून पाच लाखांहून अधिक मतांनी हरले होते. डेमोक्रॅटांना मदत करण्याचे त्यांना काही कारण नव्हते, आणि पद सोडण्यापूर्वी हिशेब चुकता करण्याची नामी वेळ होती. तरीही या मंडळाने तक्रार फेटाळली आणि इलिनॉय केनेडींचे असल्याचे प्रमाणित केले. ‘डेलींनी निकाल फिरवला’ म्हणणाऱ्याला या टप्प्यावर सांगावे लागते की चार रिपब्लिकन सदस्यही डेलींना सामील होते. तसे आजवर कुणी म्हटलेले नाही.

मग शिकागोच्या यंत्रणेने गैरप्रकार केले ते कशासाठी? याचे उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते व्हाइट हाउसमध्ये नाही, काउंटीच्या कचेरीत आहे. कुक काउंटीचे मुख्य सरकारी वकील होते बेंजामिन ॲडमॉव्स्की. मूळचे डेमोक्रॅट. १९५५ मध्ये महापौरपदाच्या उमेदवारीसाठी डेलींविरुद्ध लढले, हरले, पक्ष सोडला, आणि १९५६ मध्ये रिपब्लिकन म्हणून या पदावर निवडून आले. डेलींच्या कारभाराच्या चौकशा लावणे हा त्यांचा जणू ध्यासच होता. जानेवारी १९६० मध्ये समरडेल ठाण्याचे पोलीस एका घरफोड्याबरोबर चोऱ्या करतात हे उघडकीला आले आणि शहर हादरले. डेलींना बाहेरून नवा पोलीसप्रमुख आणावा लागला. ॲडमॉव्स्कींसारखा माणूस आणखी चार वर्षे मुख्य सरकारी वकिलाच्या खुर्चीत बसला तर पालिकेतल्या किती जणांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागेल, हे त्या यंत्रणेतल्या प्रत्येक वॉर्डप्रमुखाला कळत होते. राष्ट्राध्यक्ष कुणीही झाला तरी शिकागोच्या वॉर्डातली नोकरी जात नव्हती. मुख्य सरकारी वकील मात्र तुरुंगात पाठवू शकत होता.

इतिहासकार एडमंड कलिना यांनी या फेरतपासणीच्या कागदपत्रांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष याच दिशेने जातो : यंत्रणेचा घाव प्रामुख्याने ॲडमॉव्स्कींवर होता, त्यांचे नुकसान निक्सन यांच्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठे होते, आणि निक्सन यांच्याकडून राज्य हिरावले गेले असे म्हणण्याइतका पुरावा हाती लागत नाही. ॲडमॉव्स्की सुमारे २५ हजार मतांनी हरले. चोरीची गोष्ट सांगायचीच असेल तर त्यांची सांगा. तिच्यात तथ्य अधिक आहे. पण तिच्यात ना केनेडी, ना माफिया, ना व्हाइट हाउस, म्हणून ती कुणी पुढे पाठवत नाही.

‘डेलींच्या हाती जादू होती, ते म्हणतील तो निकाल लागे’ हाही त्या मजकुराचा गृहीत धरलेला भाग आहे. डेली १९५५ पासून महापौर होते. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, रिपब्लिकन आयझेनहॉवर यांनी इलिनॉय आठ लाखांहून अधिक मतांनी जिंकले. डेलींची स्वतःची कुक काउंटीसुद्धा आयझेनहॉवर यांच्याकडेच गेली. १९६८ मध्ये डेली सत्तेच्या ऐन भरात होते, त्यांचा उमेदवार ह्युबर्ट हम्फ्री होता, समोर तेच निक्सन होते, आणि निक्सन यांनी इलिनॉय सुमारे १ लाख ३५ हजार मतांनी घेतले. यावरून १९६० मध्ये आठ-नऊ हजारांची हेराफेरी झालीच नाही असे सिद्ध होत नाही, हे मी मान्य करतो. पण हवा तो निकाल कधीही काढून देणारी यंत्रणा तिथे नव्हती, एवढे तरी त्यातून नक्की कळते.

शिकागो शहरात केनेडी सुमारे साडेचार लाख मतांनी पुढे राहिले. हा आकडा पाहून लोक भुवया उंचावतात. या साडेचार लाखांमागे माणसे होती, आणि ती कोण होती हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आयरिश, पोलिश, इटालियन वंशाची कॅथलिक कुटुंबे शिकागोत पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्यांच्या धर्माचा एकही माणूस तोवर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला नव्हता. मतदानाच्या आदल्या शुक्रवारी, ४ नोव्हेंबरला, केनेडींसाठी शिकागोत मशालींची मिरवणूक निघाली आणि रस्ते माणसांनी फुलून गेले. आणि शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागात होते कृष्णवर्णीय मतदार. त्यांतली किती तरी कुटुंबे मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया सोडून आलेली. मागे राहिलेल्या त्यांच्या नातलगांना तिथे मतदानाच्या जवळपासही फिरकू दिले जात नव्हते. शिकागोत मात्र त्यांना मत देता येत होते.

त्याच ऑक्टोबरमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना अटलांटात धरण्याला बसल्याबद्दल अटक झाली. मग वाहतुकीच्या एका जुन्या किरकोळ प्रकरणाचे निमित्त काढून जॉर्जियातल्या न्यायाधीशाने त्यांना चार महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली आणि रीड्सव्हिलच्या तुरुंगात धाडले. केनेडींनी किंग यांच्या पत्नी कोरेटा यांना फोन केला. केनेडींचे भाऊ रॉबर्ट न्यायाधीशांशी बोलले. किंग जामिनावर सुटले. निक्सन गप्प राहिले. किंग यांचे वडील तोवर निक्सन यांच्या बाजूचे होते, त्यांनी जाहीरपणे आपले मत फिरवले. ही हकिगत निळ्या कागदावरच्या पत्रकांतून मतदानाआधीच्या रविवारी देशभरच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये पोहोचली, शिकागोतल्याही. दोन दिवसांनी ही माणसे रांगेत उभी राहिली. साठ वर्षांनंतर आपण त्यांच्या मतांना एका वाक्यात ‘स्मशानातली मते’ म्हणून मोकळे होतो. माझा खरा राग या गोष्टीचा आहे.

निकाल इतका चुरशीचा का झाला याचे उत्तरही उघड्यावरच आहे. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर कर्नर पाच लाखांहून अधिक मतांनी राज्यपाल झाले. सिनेटर पॉल डग्लस चार लाखांहून अधिक मतांनी परत निवडून आले. केनेडी मात्र आपल्याच पक्षाच्या उमेदवारांच्या मैलभर मागे, जेमतेम नऊ हजारांनी पुढे. शिकागोबाहेरच्या इलिनॉयमध्ये, शेतीच्या आणि छोट्या गावांच्या प्रॉटेस्टंट पट्ट्यात, कर्नर आणि डग्लस यांना मत देणाऱ्या अनेकांनी कॅथलिक उमेदवाराला मत दिले नाही. आपल्यासमोर चित्र उभे केले जाते ते हरणाऱ्या केनेडींना शिकागोने फुगवल्याचे. मते सांगतात ते उलट : सहज जिंकता आले असते अशा राज्यात ते धर्मापायी घसरत घसरत काठावर येऊन थांबले. आणि हो, त्या रात्री शिकागोने आपले आकडे रोखून धरले होते हे खरे आहे. राज्याच्या इतर भागांतल्या रिपब्लिकन मंडळींनीही आपले रोखले होते. समोरच्याला किती हवेत हे आधी कळू नये म्हणून दोन्ही बाजू थांबल्या होत्या.

माफियाबद्दल थोडक्यात. शिकागोच्या टोळीचा म्होरक्या सॅम जियांकाना याने केनेडींना राज्य मिळवून दिले, ही कहाणी बरीच नंतरची आहे आणि ती बहुतांशी ऐकीव आठवणींवर उभी आहे. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक जॉन बाइंडर यांनी टोळीचा वरचष्मा असलेल्या वॉर्डांची मते आकडेवारीने तपासली आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडला. त्या वॉर्डांत केनेडींकडे इतरांहून वेगळी अशी झेप दिसत नाही. टोळीने मते वळवली असती तर ती निदान तिच्या स्वतःच्या गल्ल्यांत तरी दिसायला हवी होती.

राहिले निक्सन यांचे मोठे मन. त्यांनी स्वतः व्यासपीठावर उभे राहून निकालाला आव्हान दिले नाही, हे खरे. मेझो यांना त्यांनी बोलावून घेतले आणि लेखमाला थांबवण्याची विनंती केली, हेही खरे. देशाला घटनात्मक पेच परवडणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. बारा लेखांच्या मालिकेतले चार प्रसिद्ध झाले होते. याचे श्रेय त्यांना जरूर द्यावे. पण ‘चकार शब्द न काढता’ हे साफ खोटे आहे. मतदानानंतर तीनच दिवसांनी रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष थ्रस्टन मॉर्टन यांनी ११ राज्यांत फेरमोजणीची आणि चौकशीची मोहीम उघडली. निक्सन यांचे निकटचे सहकारी रॉबर्ट फिंच आणि लेन हॉल राज्याराज्यांत माणसे पाठवून पुरावे गोळा करत होते. पक्ष न्यायालयांत गेला, मंडळांपुढे गेला. लढण्याचा हक्क त्यांना होताच, आणि तो त्यांनी बजावला. डिसेंबरच्या मध्यापर्यंत ही लढाई चालू होती आणि पुराव्याअभावी एकेक दार बंद होत गेले. पुढे १९६२ मध्ये निक्सन यांनी आपल्या पुस्तकात स्वतःच्या संयमाची कहाणी लिहिली, आणि पक्षाची ती पाच-सहा आठवड्यांची धावपळ लोकांच्या आठवणीतून पुसली गेली.

एका राज्याचा निकाल मात्र फेरमोजणीत खरोखर फिरला. हवाईमध्ये आधी निक्सन सुमारे १४० मतांनी पुढे असल्याचे जाहीर झाले आणि त्यांच्या निर्वाचकांना प्रमाणपत्रही मिळाले. डेमोक्रॅटांनी फेरमोजणी मागितली. ती चालू असतानाच १९ डिसेंबरला दोन्ही पक्षांच्या निर्वाचकांनी आपापली मते टाकून ठेवली. फेरमोजणीअंती केनेडी ११५ मतांनी पुढे निघाले, न्यायालयाने तसा निकाल दिला, आणि हवाईच्या रिपब्लिकन राज्यपालांनी नवे प्रमाणपत्र वॉशिंग्टनला पाठवले. ६ जानेवारी १९६१ रोजी संसदेच्या संयुक्त बैठकीत मते उघडली गेली तेव्हा अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने निक्सन होते. त्यांच्यापुढे हवाईचे एकाहून अधिक लखोटे आले. त्यांनी सभागृहाची संमती घेतली, हा पायंडा समजू नये असे सांगितले, आणि हवाईची तिन्ही मते केनेडींच्या खात्यात धरली.